बंबाची खोली

आई येणार म्हणजे येणार, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा घरात आम्ही तिघं होतो: मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. तिघांपैकी खात्री एकाच माणसाला होती, आणि ते माणूस म्हणजे मी. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. लग्न करून जपानमध्ये, सेंदाईत येऊन मला बरीच वर्षं झाली होती, जपानी चांगलं भांडण्याइतकं येत होतं, आणि तिकडे पुण्यात माझी आई स्वयंपाकघरात पाय घसरून पडली होती. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडेना म्हणून शेजारणीला हाक मारली, तेव्हा कुठे लोकांना कळलं. तोवर ती फरशीवर पडून होती. वडील गेलेले, मी एकुलती एक. तिच्याकडे बघणार कोण?

"पडले तर पडले, मोडलं तर काही नाही ना?" ती फोनवर म्हणाली. हाडं वाचली होती खरी, पण गुडघे आधीच कामातून गेले होते. जिना दिसला की ती देवाचं नाव घेऊन पहिल्या पायरीवरच बसायची.

आणि आमचं घर म्हणजे नुसते जिने. डोंगर कापून त्याच्या उतारावर बांधलेली वस्ती. रस्ता खाली, घर वर, मध्ये उंच दगडी पायऱ्या. हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ जमून काच व्हायची, धडधाकट माणूससुद्धा कठडा धरून चढायचं. रस्त्याच्या पातळीवर एकच जागा होती, ती म्हणजे तळघर. तिन्ही बाजूंनी डोंगरात शिरलेलं, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. सासरे तिथे रेल्वेच्या कामावरून सुटून आल्यावर लाकडी खेळणी, पेट्या असं काहीबाही करत बसायचे. त्यांच्या सोयीची एक मोरी होती, संडास होता, रस्त्याकडे दार आणि खिडकी होती. वरून आतल्या आत यायला एक शिडीवजा जिना होता. आईसाठी आणखी काय हवं? एकही पायरी न चढता ती थेट रस्त्यावरून खोलीत.

अडचण एकच. रस्त्याकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात बॉयलर होता. रॉकेलवर चालणारा, माझ्या खांद्याएवढा, राखाडी. आंघोळीच्या टबाचं पाणी, भांड्यांचं पाणी, सगळं तोच तापवायचा. पेटताना धपकन आवाज करायचा आणि मग घुरघुरत बसायचा. मी त्याला पहिल्या दिवसापासून बंब म्हणत आले. आमच्याकडे आंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंबच असायचा, मग दुसरं काय म्हणणार?

माझा बेत साधा होता. बंबाभोवती प्लायवूडच्या भिंती उभ्या करायच्या, एक दार लावायचं, झालं कपाट. आवाज बंद, वास बंद. आणि आईचा पलंग त्या कपाटाला अगदी चिकटून लावायचा, म्हणजे थंडीत गुडघे आपोआप शेकले जातील. किती हुशार मी!

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

सासूला इथे आईच म्हणतात, ओकासान. माझ्या ओकासान उंचीने माझ्या कानाला लागायच्या आणि बोलायच्या इतकं कमी की जणू शब्द वाण्याकडून तोलून आणलेत. "हो," "नाही," "जेवलीस?" एवढ्यावर आमचा संसार चालला होता. त्या दिवशी मात्र त्यांनी अख्खं वाक्य टाकलं. "आगीला कोंडायचं नाही आणि आगीशेजारी माणूस निजवायचं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला ऐकू आलं ते एवढंच की तुझी आई इथे नको. मी म्हटलं, ठीक आहे, सरळ सांगा ना. बंबाच्या आडून कशाला बोलताय? नवऱ्याने चहा ढवळायला सुरुवात केली. त्याने चहात साखर घातलेली नव्हती, पण ढवळत होता. घरात वारं फिरलं की तो असाच करतो.

ओकासाननी हातातला वाडगा ठेवला. उठल्या आणि रोजच्यासारख्या खाली गेल्या. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या की त्या त्या जिन्याने तळघरात उतरायच्या आणि बंबासमोर उभ्या राहायच्या. उजवा हात सरळ ताठ, तर्जनी बंबाकडे, आणि खणखणीत आवाजात एकच शब्द: "योशी!" म्हणजे ठीक आहे, तपासलं. ही रेल्वेवाल्यांची पद्धत. सिग्नल नुसता पाहायचा नाही, बोट दाखवायचं आणि तोंडाने म्हणायचं, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात शिरतं. सासऱ्यांनी ती घरात आणली, ते गेले, पद्धत राहिली. बंबाला योशी, गॅसला योशी, स्टोव्हला योशी. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, बाई देवाला हाक मारतात.

तर मी ठरवलं, एकेक आक्षेप काढू दे, एकेक मोडून काढते. बघू कोण थकतं.

नवरा विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा. अग्निशमनवाल्यांच्या कचेरीत जाऊन चौकशी करून आला, आणि आल्या आल्या माझ्या प्लायवूडवर पाणी पडलं. बंबाजवळ लाकूड चालणारच नाही. धुराड्याला तर अजिबात नाही. लाकूड रोज थोडं थोडं तापत राहिलं की आतून वाळून कोळशासारखं होतं, आणि मग वर्षानुवर्षं काही न होता एक दिवस पेटतं. "तुझं कपाट म्हणजे बंबाभोवती सरपण रचण्यासारखं आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, मग न जळणारं काहीतरी आण. आणलं. सिमेंटच्या पत्र्यासारखा पांढरा, जड बोर्ड, कापताना नाकातोंडात भुकटी जाणारा. सुतार यायचा त्याच्याबरोबर मी स्वतः तोंडाला फडकं बांधून उभी राहायचे. सांगाडाही लाकडाचा नको म्हणून लोखंडी पट्ट्या. बंबापासून हातभर मोकळी जागा चारी बाजूंनी, म्हणजे दुरुस्तीवाला आत शिरू शकेल. धुराडं भिंतीतून बाहेर जातं तिथे त्याभोवती दुसरा पत्र्याचा नळ आणि मध्ये पोकळी.

ओकासान येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "हवा?"

हेही खरंच होतं. आग श्वास घेते. बंद खोक्यात ठेवली तर ती अर्धवट जळते, आणि अर्धवट जळणाऱ्या रॉकेलातून जो वायू निघतो त्याला ना वास ना रंग. माणूस झोपतं ते झोपतंच. नवऱ्याने हे मला सांगितलं आणि मी सुताराला परत बोलावलं. दोन झरोके पाडले. एक जमिनीलगत, एक छताखाली, दोन्ही थेट बाहेरच्या भिंतीतून, जाळी लावून. खालून हवा आत, वरून उष्णता बाहेर. बंबाने आईच्या खोलीतली हवा घ्यायचीच नाही, त्याचा श्वास वेगळा, तिचा वेगळा. दार पत्र्याचं, आपोआप मिटणारं, खाली फटीला पट्टी. रॉकेलची टाकी आधीपासून बाहेरच होती, तिला हाताशी येईल अशी चावी बसवली. छताला धुराची घंटी.

"योशी?" मी विचारलं. मुद्दाम. कंबरेवर हात ठेवून.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. आईचा पलंग मी बंबाच्या मागे, आतल्या बाजूला मांडला होता, रस्त्याची वर्दळ नको म्हणून. त्या म्हणाल्या, "आग कुठे? दार कुठे? माणूस कुठे?"

मी बघितलं. बंब मध्ये. माणूस एकीकडे, दार दुसरीकडे. मोडक्या गुडघ्यांची माझी आई आगीला ओलांडून दाराशी जाणार होती म्हणे. मी पलंगाचं एक टोक धरलं. दुसरं त्यांनी धरलं. दोघींनी मिळून तो रस्त्याकडच्या दाराशी आणून लावला, हात लांबवला तर कडी हाती येईल असा.

पलंग सरकवून झाल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर दम खात बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. त्या नव्या सून म्हणून आल्या त्या हिवाळ्यात याच गल्लीत एका घराला आग लागली होती. न्हाणीघरातल्या चुलीमुळे. माणसं वाचली, घर गेलं, शेजारच्यांच्या भिंती काळवंडल्या. दुसऱ्या दिवशी ते नवरा-बायको उसन्या कपड्यांत दारोदार फिरले. प्रत्येक उंबऱ्यावर कमरेत वाकून माफी मागत. "ज्यांचं सगळं गेलं तेच माफी मागत होते," ओकासान म्हणाल्या. "आमच्या दारी आले तेव्हा त्या बाईच्या केसांना अजून जळका वास होता." मग त्या उठून वर गेल्या.

मला वाईट वाटलं. पण राग गेला का? नाही गेला. इतकं सगळं समजावून सांगता येत होतं तर आधी का नाही सांगितलं? मुळात एक शंका डोक्यातून जातच नव्हती, की या बाईला माझी आई नकोच आहे.

आई आली पानगळीत. व्हिसाची खटपट नवऱ्याने केली, ती त्याची कथा, त्याने सांगावी. विमानतळावरून थेट रस्त्याच्या दाराने तिला आत घेतलं. पलंगावर बसली, गुडघ्यांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, "अगं, एकसुद्धा पायरी नाही की!" तेवढ्या एका वाक्यासाठी मी सगळा उन्हाळा बोर्डाची भुकटी खाल्ली होती. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

ओकासान खाली आल्या. दोन आया समोरासमोर. एकीने हात जोडले, दुसरी वाकली, मग पहिली वाकली आणि दुसरीने हात जोडले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. ओकासाननी वाडगाभर लोणचं आणलं होतं. हे लोणचं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पहिली थंडी पडली की लांबोडक्या कोबीचे ढीग यायचे, त्या तो मिठात, मिरचीत आणि समुद्री शेवाळात थर लावून मोठमोठ्या पिंपांत भरायच्या, वर दगड ठेवायच्या. पिंपं ठेवायला रस्त्याच्या कडेला, तळघराच्या बाहेरच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक शेड होती. सावलीची, बर्फासारखी गार. मुरायला तशीच जागा लागते. गल्लीतल्या बायका वाडगे घेऊन यायच्या. त्या शेडला हात लावायची माझी काय, सासऱ्यांचीही टाप नव्हती.

आईने तुकडा चाखला. "तेल नाही, फोडणी नाही," ती मला मराठीत म्हणाली आणि ओकासानकडे बघून तोंडभर हसली.

दिवस चांगले चालले होते. मी पहिल्याच दिवशी आईला बजावलं होतं, बंबाचं दार उघडायचं नाही, आत काही ठेवायचं नाही. "अगं, जन्मभर बंब पेटवलाय मी," ती म्हणायची. "शेणी घालून, लाकडं घालून, बाळंतिणींना पाणी काढून दिलंय. मला काय शिकवतेस?" आणि मी हसायचे. तिथेच सगळी गंमत होती. तांब्याचा बंब आमच्या मोरीत उभा असायचा, वर कौलं, खाली मोरीचं भोक, दाराला बोटभर फटी. त्याला हवा कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता. सकाळी त्याच्याभोवती हात शेकत आम्ही उभ्या राहायचो. बंबाने कधी कुणाचं वाईट केलेलं आईने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

कडाक्याची थंडी पडली. आईला सकाळी डोकं दुखायला लागलं. "वारं बसलंय कानात," ती म्हणाली. मी कानटोपी दिली, सुंठ उगाळून दिली. दोन दिवसांनी जरा जास्त. जेवण नको, मळमळतंय. मी म्हटलं, परदेशची हवा. कामावर गेले.

त्या संध्याकाळी आंघोळी झाल्या, ओकासान खाली उतरल्या आणि योशी ऐकू आलं नाही. रोज जिन्यातून वरपर्यंत ऐकू येणारा शब्द. मी हातातलं ताट ठेवलं. तेवढ्यात खालून माझ्या नवऱ्याच्या नावाने अशी हाक आली की आम्ही दोघं शिडीवरून जवळजवळ पडतच खाली पोचलो.

ओकासाननी रस्त्याकडचं दार सताड उघडलं होतं, आणि माझ्या आईला पलंगावरून ओढून, अर्धी उचलून, उंबऱ्याशी आणून बसवलं होतं. एवढ्याशा बाईने! आई पांढरीफटक, बर्फाळ वाऱ्यात दात वाजवत, "अगं, वेड लागलंय का यांना, मला थंडीत काढलं बाहेर" असं पुटपुटत होती. बोलत होती, देवा, बोलत होती. नवऱ्याने बंब बंद केला, बाहेरची रॉकेलची चावी पिळली.

बंबाच्या खोलीचं दार उघडं होतं. खाली पाचर म्हणून आईची चप्पल लावलेली. आत दोन्ही झरोक्यांत बोळे. खालच्यात तिच्या जुन्या मऊ सुती पातळाचा, वरच्यात माझ्याच जुन्या फ्रॉकची गोधडी, काठीने ढोसून ढोसून बसवलेली. बंबाच्या काचेतून एरवी निळी ज्योत दिसायची. आता काच काजळीने काळी झाली होती. छतावरची घंटी धुराची, बिनधुराच्या वायूला ती वाजणार कशी?

दवाखान्यात प्राणवायू लावल्यावर आई दुसऱ्या दिवशी माणसात आली आणि मग तिने सगळं सांगितलं. चोरी नव्हती काही, अगदी सरळ हिशेब होता. एवढी ऊब कपाटात कोंडून ठेवलेली, वाया चाललेली, म्हणून ती रात्री निजताना दार उघडं ठेवायची. दार उघडल्यावर झरोक्यातून गार वारा येऊ लागला, म्हणून खालचा बुजवला. डोकं दुखलं, म्हणजे वारं अजून येतंय, म्हणून वरचाही बुजवला. रोज सकाळी बोळे काढून घडी घालून ठेवायची, त्या दिवशी मळमळीमुळे राहून गेलं. "फट दिसली की बुजवायची, यात काय चुकलं?" ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. दवाखान्यात, परिचारिकांसमोर, मराठीत. तू मेली असतीस, कळतंय का तुला, त्यासाठी आणलं का मी तुला इथे! आणि मग तिच्या पोटावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "गप. लोकं बघतायत."

घरी आल्यावर तिला वर न्यायचं तर नवऱ्याने पाठीवर घेतलं. पायऱ्यांवर बर्फ, तो एकेक पाऊल चाचपत चढत होता. आई त्याच्या गळ्याला मिठी मारून डोळे गच्च मिटून होती. हे रोज शक्य नव्हतं, हे तिघांनाही दिसत होतं. मग जेवणाच्या टेबलावर तो जे बोलू नये ते बोलला. सगळं करून पाहिलं. बोर्ड लावला, झरोके पाडले. पण माणूस बोळा कोंबणारच असेल तर कुठला बोर्ड पुरणार? पुण्यातच एखादी चोवीस तासांची बाई बघू. थंडी सरली की तिकीट काढू.

मी ताटं गोळा करायला लागले. पुण्यातल्या त्या दूधवाल्याची बेल मला ऐकू येत होती. आई पलीकडच्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसली होती. जपानी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती?

"आजारी बंब," ओकासान म्हणाल्या, "आणि घराबाहेर माणूस?"

आमच्याकडे म्हण आहे, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तीच त्यांनी त्यांच्या पद्धतीने सांगितली.

"बंबाला बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "बाहेर ठेवायचे बंब मिळतात. वस्तीत सगळ्यांकडे तसेच आहेत. पाणी गोठू नये म्हणून तुझ्या बाबांनी आमचा आत ठेवला, आणि मग कुणी विचारच केला नाही. आता नळांना गरम पट्ट्या गुंडाळता येतात."

"पण ठेवणार कुठे?" नवरा म्हणाला. "पायऱ्यांशी अडचण होईल, समोर रस्ता. भिंतीला लागून एकच जागा आहे आणि तिथे..." तो थांबला. चमचा हातात घेतला.

तिथे शेड होती.

"माहीत आहे," ओकासान म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उन्हाळ्यातच सांगायला हवं होतं मी. तू पहिल्यांदा बोललीस तेव्हाच मला सुचलं होतं. पण पिंपं सोडवेनात. मला वाटलं, इतके अडथळे काढले की तूच कंटाळशील." मग म्हणाल्या, "तू कंटाळत नाहीस."

म्हणजे माझी शंका अर्धी बरोबर होती तर! मला खरं तर चिडायला हवं होतं. मी उठले, त्यांच्यासाठी चहा ओतला आणि कप समोर जरा जोरातच ठेवला. माफी मीही मागितली नाही, त्यांनीही नाही. आमच्यात तसला कार्यक्रम नव्हताच कधी.

आठवड्याच्या आत शेड पाडली. ऐन थंडीत, पिंपं भरलेली असताना. गल्लीतल्या बायका येऊन हळहळून गेल्या. नवा बंब त्या जागी बसला, धुराडं रस्त्याकडे, आईच्या खिडकीपासून लांब. जुना बंब दोन माणसांनी उचलून नेला. आईच्या खोलीत आता तेलाचं एक विजेचं हीटर होतं, ज्योत नसलेलं, आणि रात्री पांघरुणात रबरी पिशवी. पिंपं मात्र रस्त्यावर पडली होती, त्यांच्यावर बर्फ भुरभुरत होतं. आतलं लोणचं गोठलं की संपलं. घरात आणावं तर उबेने आंबणार. ओकासान एका पिंपावर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना असं उभं मी सासऱ्यांच्या अंत्ययात्रेनंतर पाहिलं नव्हतं.

आई दारात खुर्चीवर बसून सगळं बघत होती. "त्यांची पिंपं कुठे ठेवणार गं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. फेकायची आता.

"का? ती बंबाची खोली रिकामी पडलीये की." तिने बोट दाखवलं. "दार लागतं. दोन-दोन भोकं आहेत, वारा नुसता सपासप येतो. माझ्यावर विश्वास ठेव, त्या खोलीची थंडी मला विचार."

उन्हाळाभर घाम गाळून, भांडून, भुकटी खाऊन मी सेंदाईतली सगळ्यात उत्तम लोणच्याची खोली बांधली होती. न जळणाऱ्या भिंती, वर-खाली हवा, अंधार, आपोआप मिटणारं दार. पिंपं एकामागून एक आत गेली. आत दुरुस्तीवाल्यासाठी ठेवलेल्या हातभर जागेत ओकासान बरोबर मावायच्या. आईने बोळ्यांच्या चिंध्यांचं गाठोडं पलंगाखाली सरकवलं आणि मला म्हणाली, "या फटीला हात लावणार नाही. लोणचं आहे आत."

स्वतःच्या जिवासाठी जी गोष्ट आईला पटली नाही, ती लोणच्यासाठी पटली. काय म्हणावं!

खाली आता आग नव्हती. नवा बंब बाहेर, त्याला योशी म्हणायला खिडकी पुरे होती. ओकासानना तो शिडीवजा जिना उतरायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि त्यांचेही गुडघे काही तरुण नव्हते. तरी संध्याकाळी आंघोळी झाल्या की त्या खाली उतरू लागल्या. मला वाटलं, पिंपांसाठी. पहिल्या दिवशी मी आईचं जेवण घेऊन त्यांच्यामागे गेले. त्यांनी पत्र्याचं दार उघडलं, हात ताठ केला, पिंपांकडे बोट. "योशी!" दार मिटलं. मग रस्त्याकडच्या कडीकडे बोट. "योशी!"

मग त्या वळल्या. आई कानटोपी घालून, गोधडी गुडघ्यांवर ओढून पलंगावर बसली होती. ओकासाननी तिच्याकडे सरळ बोट दाखवलं. तिचा रंग, तिचे डोळे, श्वास, सगळं नीट बघून घेतलं.

"योशी," त्या म्हणाल्या.

आईने गोधडीतून हात बाहेर काढला, ताठ केला, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "योशी!"